रानडे, गोखले, गांधी: मेंटॉरशिपची आपल्याकडची एक जुनी साखळी

आजकाल लिंक्डइनवर अनोळखी माणसाला थेट "सर, माझे मेंटॉर व्हाल का" असा मेसेज टाकतात आणि मग उत्तर येत नाही म्हणून नाराज होतात. आपल्याच पुण्यातली ही साखळी बघा, यात असं कुणी कुणाला विचारल्याचं दिसत नाही, सुरुवात कामापासूनच झालीये.

रानडे आणि गोखल्यांची पहिली गाठ म्हणे दारावरच पडली. एका समारंभाला रानडे निमंत्रणपत्रिका न घेता आले आणि दारावर उभ्या असलेल्या कोवळ्या गोखल्यांनी त्यांना चक्क अडवलं, असं सांगतात. पुढे गोखले सार्वजनिक सभेचं, म्हणजे लोकांचे प्रश्न सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्यातल्या संस्थेचं, काम बघायला लागले, तिच्या त्रैमासिकाचं संपादनही, आणि रानड्यांच्या हाताखाली खरी तालीम सुरू झाली, म्हणजे सरकारी रिपोर्ट वाचायचे, आकडे काढायचे, अर्ज लिहायचे, मग ते तपासून घ्यायचे. सरकार तर या अर्जांना धड उत्तरही देत नव्हतं. वैतागून गोखल्यांनी विचारलं की हे सगळं कशासाठी, तर रानडे म्हणाले की अर्ज नावाला सरकारला असतात, खरे ते आपल्या लोकांसाठी, त्यांना या प्रश्नांवर विचार करायची सवय लागावी म्हणून. आकड्यांसाठी गोखल्यांचे दुसरे गुरू होते गणेश व्यंकटेश जोशी, सरकारी शाळेतले हेडमास्तर, ज्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही (घ्यायला हवं खरंतर). 1897 मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे (हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणारा आयोग) साक्ष द्यायला गोखले उभे राहिले तेव्हा वय जेमतेम तिशीचं होतं, पण मागे या दोघांची तयारी होती.

1901 साली रानडे गेले आणि त्याच वर्षाच्या शेवटी काँग्रेसच्या निमित्ताने कलकत्त्याला आलेले गांधी गोखल्यांकडे महिनाभर राहिले. आता इथे मजा बघा, शिष्यच गुरूला बोलतोय. घोडागाडी कशाला, ट्राममधून का जात नाही, साधं फिरायलासुद्धा जात नाही म्हणून तब्येत अशी, असं सगळं गांधींनी तोंडावर सुनावलं, आणि गोखल्यांनी ते ऐकून घेतलं, रागावले नाहीत.

1912 मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे कोकणी मुसलमान आणि मराठी लोकांपुढे त्यांनी मराठीत बोलावं असा गांधींचा हट्ट, हिंदुस्थानी भाषांतर मी करतो म्हणाले. गोखले हसले, तुझी हिंदुस्थानी मला माहितीये, पण एवढं मराठी कुठून शिकलास! तरी बोलले मराठीतच, आणि पुढे झांझिबारपर्यंत अशा सभांना तसेच बोलत राहिले.

मतभेद तर केवढे. गांधींचं 'हिंद स्वराज्य' हे पुस्तक गोखल्यांना इतकं कच्चं वाटलं की हिंदुस्थानात वर्षभर राहिलास की तूच ते नष्ट करशील, असं त्यांचं भाकीत होतं (ते काही खरं ठरलं नाही). पण 9 जानेवारी 1915 ला गांधी परतले तेव्हा आधी वर्षभर देश बघ, जाहीरपणे बोलू नकोस, हा गोखल्यांचा सल्ला त्यांनी पाळला. आपणच स्थापन केलेल्या भारत सेवक समाज या संस्थेत गांधींना घ्यावं ही गोखल्यांची इच्छा होती, पण काही सभासदांना ते पटत नव्हतं. तरी गोखल्यांनी समाजातल्या डॉ. देवांना बोलावून सांगितलं, समाजाच्या वहीत गांधींच्या नावाने खातं उघडा आणि त्यांच्या आश्रमाला लागेल ते द्या. 19 फेब्रुवारीला गोखले गेले. पुढे वाद नको म्हणून गांधींनी सभासदत्वाचा अर्जच मागे घेतला.