चर जुना, बीड नवं

सीमाभागात शेतावरच्या जेवणाला हल्ली बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई हवीच असते. हातभर खोल चर, त्यात बाभळीचे निखारे, वर झाकण घातलेली काळीकुट्ट कढई; आणि जमलेल्यांत कुणीतरी हमखास म्हणतो, 'आमच्या आज्जीची पद्धत.' चर आज्जीचा, हे मान्य. कढईबद्दल मात्र शंका आहे.

घोळ 'लोखंडी' या शब्दाचा. ठोकून घडवलेलं, पत्र्याचं आणि ओतीव अशा तिन्ही भांड्यांना आपण सरसकट लोखंडी म्हणतो. बीड म्हणजे फक्त ओतीव. त्यात 2 ते 4 टक्के कार्बन असतो, म्हणून ते 1200 अंशांच्या आसपास वितळतं. शुद्ध लोखंडाला 1538 अंश लागतात. सह्याद्रीतले धावड कोळशाच्या छोट्या भट्टीत लोखंड काढत. तिथे ओतण्याजोगा रस होत नसे, स्पंजासारखा गोळा निघे आणि तो ठोकून ठोकून त्याच्या वस्तू होत. तेव्हा लोहाराकडची जुनी कढई घडीव. आपल्याकडे बीड आलं ते कारखान्याबरोबर. चीनमध्ये ओतीव लोखंड दोन हजार वर्षांहून जुनं आहे, आणि वाळूच्या साच्यात स्वस्त भांडी ओतण्याचं इंग्लंडमधलं पेटंट 1707 चं. कन्नडमध्येही 'बीडु कब्बिण'च म्हणतात. शब्दाशब्दावरून वाद होणाऱ्या या पट्ट्यात हा एक शब्द दोन्ही घरांत नांदतो, त्याची दखल कोण घेतो?

घरातली कढई ओळखायची तर तिचे कान बघा. रिवेट मारून बसवले असतील तर घडीव किंवा पत्र्याची. अंगातूनच निघाले असतील तर बिडाची. बुडाला वाळूची खरखर लागते. घडीव कढई आपटली तर तिला पोचा येतो, बिडाची फुटते. माझी एक अशीच गेली. जेवणं झाल्यावर कढई निखाऱ्यांवरच होती, आणि विस्तव विझवायला कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं. 'टण्' आवाज झाला आणि कानापासून बुडापर्यंत तडा. फुटलेली कड राखाडी, दाणेदार. लोहार म्हणाला, पत्रा असता तर ठोकून दिला असता.

चराची परंपरा खरी दिसते ती चिकोडी-निपाणीकडच्या गुऱ्हाळात. जमिनीत खणलेलं चुलवण, त्यात चिपाडाचा जाळ, वर काहील. पण काहील पत्र्याची. रताळी आणि शेंगा थेट निखाऱ्यात. हुरड्याच्या आगटीत तर भांडंच नसतं. गावजेवणाच्या लांब चरावर हंडे चढत, तेही तांब्या-पितळेचे. खड्डा वारा अडवतो, धग बुडाशी राहते आणि सरपण कमी लागतं. बिडाचा या कशाशी संबंध नव्हता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या वाढल्या. त्यांचं मुख्य काम गाड्यांचे आणि पंपांचे सुटे भाग ओतण्याचं, तवा-कढई नव्हे. घरात तोवर 'जर्मन'ची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी रुळली होती; मग नॉनस्टिक आलं, गॅस आला. बिडाचा तवा माळ्यावर गेला, आणि गेल्या काही वर्षांत तोच 'पारंपरिक' म्हणून दुप्पट तोऱ्यात खाली उतरला. शहरातली हौस शेतावर पोचली तेव्हा जुना चर आणि ही कढई एकत्र आली.

मातीनेही फरक पडतो. अथणीकडची काळी जमीन ओल धरते, ताज्या चरात आधी तासभर नुसता जाळ करावा लागतो. खानापूरकडची तांबडी माती लवकर सुकते, पण तिथे प्रश्न जंगलाचा. भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झालं, आणि अभयारण्याला धोका होईल असा विस्तव करायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. 'खड्ड्यातला विस्तव, बाहेर कुठे जातोय' हा युक्तिवाद तिथे चालत नाही, आणि चालूही नये: पालापाचोळ्याखालची मुळं आतल्या आत धुमसतात, आणि चर बुजवून मंडळी घरी पोचली तरी आग तिथेच असते.