क्लेमेंट डेव्हिस आणि वेल्समधील क्षयरोग चौकशी

वेल्समधील क्षयरोगविरोधी सेवेची आणि त्या अनुषंगाने तेथील घरे, पाणीपुरवठा, शाळा व स्थानिक कारभार यांची १९३७ ते १९३९ या काळात झालेली सरकारी चौकशी. मध्य वेल्समधील मॉन्टगोमरीशरचे खासदार क्लेमेंट डेव्हिस (१९ फेब्रुवारी १८८४ – २३ मार्च १९६२) हे चौकशी समितीचे अध्यक्ष होते. ब्रिटिश राजकारणाच्या इतिहासात डेव्हिस यांचे नाव येते ते बहुधा १९४५ ते १९५६ या पडत्या काळातील लिबरल पक्षाचे नेते म्हणून. वेल्सच्या खेड्यापाड्यांना मात्र ते खरे उपयोगी पडले ते या चौकशीच्या निमित्ताने, आणि प्रस्तुत नोंदीत त्याच कामाला अधिक जागा दिली आहे.

डेव्हिस यांचा जन्म मॉन्टगोमरीशरमधील लानव्हथ्लिन या लहानशा बाजारगावी झाला. वडील लिलावाचा व्यवसाय करीत. गावातील शाळेनंतर आबेरिस्तुइथ आणि केंब्रिज येथे कायद्याचे शिक्षण घेऊन ते १९०९ मध्ये बॅरिस्टर झाले. १९२६ मध्ये त्यांना राजाचे वकील हा ज्येष्ठ वकिलांना मिळणारा दर्जा मिळाला. १९२९ मध्ये ते आपल्याच काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, लोकसभेत, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून गेले आणि मृत्यूपर्यंत, सलग तेहतीस वर्षे, तेथील प्रतिनिधी राहिले. उलटतपासणीत मुरलेला वकील आणि मूळचा खेड्यातला माणूस या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठिकाणी एकत्र आल्या होत्या. चौकशीला जी धार आली, ती त्यामुळेच.

क्षयाला वेल्श भाषेत ‘डारवोडेडिगाइथ’ असा जुना शब्द आहे. संपत जाणे, झिजून नाहीसे होणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला आहे, म्हणजे आपल्या ‘क्षय’ या शब्दाशी अर्थाने तंतोतंत जुळणारा. या रोगाविरुद्ध वेल्समध्ये काहीच झाले नव्हते असे नाही. राजा सातवा एडवर्ड याच्या स्मरणार्थ १९१० मध्ये स्थापन झालेली ‘वेल्श नॅशनल मेमोरियल असोसिएशन’ ही संस्था संपूर्ण वेल्ससाठी क्षयाची रुग्णालये, दवाखाने आणि आरोग्यधामे चालवीत होती. तिच्यामागे मुख्य हात होता तो लान्दिनामच्या डेव्हिड डेव्हिस या धनिक खासदाराचा. मॉन्टगोमरीशरमध्ये क्लेमेंट डेव्हिस यांच्या आधीचे खासदार तेच होत. टॅलगार्थ व लान्गुइव्हान येथील मोठी आरोग्यधामे १९२० मध्ये उघडली, तर क्रेग-अ-नोस येथील एका गायिकेच्या जुन्या वाड्यात लहान मुलांची सोय झाली. कार्डिफमध्ये ‘शांती व आरोग्य मंदिर’ नावाची भव्य वास्तू उभी राहिली आणि २३ नोव्हेंबर १९३८ रोजी, पहिल्या महायुद्धात तीन मुलगे गमावलेल्या एका आईच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. संस्थेचे मुख्यालय याच वास्तूत होते.

इतके सारे असूनही वेल्समध्ये क्षयाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इंग्लंडपेक्षा जास्तच राहिले. त्याहून बुचकळ्यात पाडणारी गोष्ट अशी की, कोळशाच्या खाणींनी आणि कारखान्यांनी भरलेल्या दक्षिणेइतकीच, किंबहुना काही ठिकाणी तिच्याहून अधिक, झळ कार्नार्वनशर, मेरिओनेथ, अँगलसी, कार्डिगनशर अशा वायव्य आणि पश्चिमेकडील ग्रामीण काउंट्यांना बसत होती. डोंगर, समुद्राचा वारा आणि मोकळी हवा असलेल्या ज्या मुलखात शहरातील रोग्याला हवापालटासाठी पाठवावे, तेथीलच माणसे क्षयाने मरत होती.

याचे उत्तर दाराबाहेरच्या हवेत नव्हते, ते दाराच्या आत होते. पश्चिम वेल्समधील जुने मजुराचे घर डोळ्यांपुढे आणावे. जाड दगडी भिंती, बाहेरून चुना, आत दोन खोल्या. झोपण्याच्या खोलीवर अर्धा पोटमाळा. त्याला ‘क्रोगलॉफ्ट’ म्हणतात. वर जायला शिडी, आणि वर गेल्यावर छपराच्या उताराखाली ताठ उभे राहण्यापुरतीही जागा नाही. मुले तेथे झोपत, थोरली माणसे खाली. खिडक्या लहान, आणि पुष्कळ घरांत त्या उघडण्याजोग्या नसतच. जमीन मातीची किंवा मातीवरच टाकलेल्या फरशांची, त्यामुळे वर्षाचे बरेच महिने पावसाची ओल खालून वर चढत राही. पाणी विहिरीचे किंवा झऱ्याचे, तेही अनेकदा दूरवरून आणावे लागे. अशा घरात एक माणूस खोकू लागला की बाकीच्यांना त्याच्यापासून दूर ठेवायला दुसरी खोलीच नसे. आरोग्यधामात सहा महिने राहून, वजन वाढवून परतलेला रोगी पुन्हा त्याच पोटमाळ्याखाली झोपायला जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे संस्थेचे इतके प्रयत्न का कमी पडत होते ते कळते. वायव्येकडील स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) खाणींत काम करणाऱ्यांच्या वाट्याला याखेरीज दगडाची बारीक धूळ होती; ती फुप्फुसात बसली की क्षयाला वाट मोकळी होत असे.

घरे सुधारण्याचे अधिकार ग्रामीण जिल्हा परिषदांकडे होते. शेतमजुरांच्या घरांची दुरुस्ती करण्यासाठी अनुदान देणारा कायदा १९२६ मध्येच झाला होता, आणि राहण्यास अयोग्य घरे पाडून नवी बांधण्याची तरतूद १९३० च्या गृहनिर्माण कायद्यात होती. अडचण पैशाची होती, तशीच इच्छेचीही होती. परिषदांचे उत्पन्न मुख्यतः घरपट्टीवर अवलंबून असे; त्यातच १९२९ च्या स्थानिक शासन कायद्याने शेतजमीन आणि गोठे-कोठारे करातून पूर्णपणे वगळली, त्यामुळे शेतीप्रधान परिषदेचा करपाया आणखी आक्रसला. शिवाय परिषदेवर निवडून येणारे बहुधा करदाते शेतकरी आणि व्यापारी असत आणि घरपट्टी वाढू न देणे हाच त्यांच्या दृष्टीने चांगला कारभार होता. पडक्या घराचा मालक आणि परिषदेचा सभासद कधीकधी एकच असे. आरोग्य अधिकाऱ्याने अहवाल द्यावा आणि तो दप्तरात पडून राहावा, हा क्रम वर्षानुवर्षे चालला.

चौकशी समितीने काउंटीवार साक्षी घेतल्या आणि परिषदांच्या प्रतिनिधींना त्यांच्या कामाचा जाब विचारला. मार्च १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाच्या शीर्षकात ‘वेल्स आणि मॉनमथशर’ असा जोड उल्लेख आहे, कारण मॉनमथशर ही सीमेवरची काउंटी इंग्लंडमध्ये की वेल्समध्ये हा वाद तेव्हा कायद्याच्या पातळीवर मिटलेला नव्हता. सरकारी अहवालांची भाषा साधारणतः सर्वांना सांभाळून घेणारी असते. हा अहवाल तसा नाही. कोणत्या परिषदेने कोणती जबाबदारी टाळली हे त्यात नावानिशी नोंदले आहे, आणि त्यात जागोजागी फिर्यादी वकिलाचा आवाज ऐकू येतो. ओल धरलेली घरे, दाटीवाटी, अपुरे व दूषित पाणी, सांडपाण्याची गैरसोय, शाळांच्या कोंदट इमारती, निकृष्ट आहार या सर्वांचा रोगाशी असलेला संबंध त्यात जोडून दाखवला आहे. क्षयाला केवळ रुग्णालयाचा विषय समजण्याची सवय मोडण्याचे श्रेय, निदान वेल्सपुरते, या अहवालाला द्यावे लागते. परिषदांना तो झोंबला. आपली मिळकत तोकडी आहे, सरकारी मदतीवाचून घरे बांधणार कशी, हा त्यांचा बचाव सर्वस्वी खोटाही नव्हता. परंतु आहे तो अधिकारही का वापरला नाही, या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नव्हते.

अहवालावर कृती होण्याआधीच सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि घरबांधणी थांबली. युद्धाच्या पहिल्या वर्षांत संपूर्ण ब्रिटनमध्ये क्षयाचे मृत्यू वाढले. १९४३ मध्ये फुप्फुसाच्या क्षयाच्या रोग्यांच्या कुटुंबांना निर्वाहभत्ता देण्याची योजना आली. कमावता माणूस आरोग्यधामात गेला तर घरी चूल कशी पेटायची, या भीतीने उपचार टाळणाऱ्यांना तिचा आधार झाला. मात्र बरे होऊन कामावर परतण्याची आशा असलेल्यांनाच ती लागू असल्याने, ज्यांना तिची सर्वाधिक गरज होती असे पुष्कळजण वगळले गेले. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि मेमोरियल असोसिएशनची रुग्णालये तिच्यात विलीन झाली. त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच्या जोडीची औषधे आली आणि मृत्यूंचा आकडा झपाट्याने उतरला.

डेव्हिस यांच्या पुढील राजकीय कारकिर्दीचा तपशील येथे थोडक्यात पुरे. मे १९४० मध्ये पंतप्रधान चेंबरलेन यांना पायउतार करण्याच्या हालचालींत ते आघाडीवर होते. १९४५ मध्ये पक्षाचे नेते निवडणुकीत पराभूत झाल्याने उरलेल्या बारा खासदारांचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९५१ मध्ये खासदार सहाच उरले असताना चर्चिल यांनी देऊ केलेले शिक्षणमंत्रिपद त्यांनी पक्षाचे स्वतंत्र अस्तित्व राखण्यासाठी नाकारले. या सर्व काळात शेती, खेड्यांचा पाणीपुरवठा आणि गावे सोडून जाणारी माणसे हे विषय त्यांनी सोडले नाहीत. त्यांच्या मतदारसंघाची लोकसंख्या १९३१ मध्ये ४८ हजारांच्या आसपास होती, ती १९६१ मध्ये ४४ हजारांपर्यंत खाली आली. घरात दुःखही मोठे होते: त्यांच्या चार अपत्यांपैकी तिघे १९३९ ते १९४२ या काळात, प्रत्येकजण वयाच्या चोविसाव्या वर्षी, मरण पावले.

स्लेटच्या धुळीचा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. कंपनी बंद पडली की भरपाई कोणाकडे मागायची, ही खाणकामगारांची अडचण पुढची अनेक वर्षे तशीच राहिली. अखेर कार्नार्वनचे खासदार डॅव्हिड विग्ली आणि त्यांच्या प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या सहकाऱ्यांनी, बहुमत गमावलेल्या पंतप्रधान कॅलहन यांच्या सरकारला आपल्या मतांची गरज असताना, हा विषय लावून धरला. १९७९ मध्ये झालेल्या कायद्याने, मालक उरला नसला तरी धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या कामगाराला अथवा त्याच्यामागे राहिलेल्या कुटुंबाला सरकारकडून एकरकमी भरपाई मिळू लागली.