भीमथडी तट्टू

भीमथडी तट्टू ही दख्खनच्या पठारावरची, मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या भीमा-नीरा खोऱ्यातली घोड्याची जुनी जात. दख्खनी घोडा असंही म्हणतात. पुण्यात भीमथडी म्हटलं की लोकांना आधी डिसेंबरातली जत्रा आठवते, पण ते मूळ भागाचं नाव, इंग्रजांच्या काळात भीमथडी नावाचा तालुकाच होता, आज तिथं दौंड आणि बारामती आहेत.

दिसायला लहानखुरं. उंची साधारण सव्वाशे-एकशेतीस सेंटीमीटर, म्हणजे रेसकोर्सवरच्या घोड्यासमोर अगदीच किरकोळ वाटेल. पण पाय बघा, बारीक आणि कणखर, खूर इतके टणक की बरीच जनावरं नाल न ठोकता खडकाळ वाटेनं चालतात, घाट चढतात-उतरतात. माळावरचं वाळलं गवत, थोडा कडबा, एवढ्यावर भागतं, ऊन सोसतं. रंग बहुतेक तांबडा, कुमैत (काळसर तांबडा), काही पांढुरके नाहीतर अबलख, म्हणजे दोन रंगांचे पट्टे असलेलेही असतात.

मराठा फौजेची चपळाई सांगताना लोक गनिमी काव्याबद्दल भरपूर बोलतात, जनावराबद्दल कमी, आणि ते मला पटत नाही. कारण सोबत दाणा-वैरणीचा मोठा लबाजमा न घेता लांबच्या मजला मारायच्या, डोंगरातून अचानक उतरायचं, परत गायब व्हायचं, हे थोडक्यावर तगणाऱ्या तट्टामुळंच जमायचं, दाण्याशिवाय न चालणारा उंचापुरा घोडा तिथं अडलाच असता. राज्यगीतात या तट्टांचा उल्लेख आहे तो उगाच नाही. 1818 ला पेशवाई गेली, मोठी घोडदळं मोडली, मागणी घटली, इंग्रजांना लष्करासाठी उंच घोडे हवे होते, त्यामुळं ही जात मागं पडली.

पण संपली नाही. जात नामशेष झाली असं अजूनही लिहिलेलं दिसतं, ते चूक आहे. पुणे, सातारा, सोलापूर, नगर भागातल्या मेंढपाळ धनगरांनी ती जपली, कुणाच्या अनुदानाशिवाय, कामाची म्हणून. पावसाळा सरला की वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तांडा, निघतो, पुरुष मेंढरं घेऊन पुढं जातात आणि बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादतात, भांडी, वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), कोंबड्या, नुकती व्यालेली कोकरं, कधी लहान पोरंसुद्धा. रोज मुक्काम हलवायचा म्हणजे रोज लादणं-उतरवणं, त्यामुळं जनावर शांत लागतं, बिथरणारं घोडं वाड्यात कोण ठेवणार. पिढ्यानपिढ्या अशी निवड होत आल्यानं स्वभाव गरीब झाला असावा असं मला वाटतं. हलवाहलवीत शिंगरं आईमागं मोकळीच चालतात.

अलीकडं कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी यांच्या रांगेत ती आता अधिकृतपणे आहे, हे फार आधी व्हायला हवं होतं. नोंदीमुळं पैदाशीचं काम शास्त्रशुद्ध होऊ शकतं, पण चराऊ रानं कमी होतायत, बिऱ्हाड पिकअपमधून न्यायला लागलेले वाडेही आहेत, आणि ओझं वाहायला घोडं लागलं नाही तर मेंढपाळ ते पाळणार कशासाठी हा खरा प्रश्न आहे. माथेरान-महाबळेश्वरला पर्यटकांना फिरवणारी घोडी म्हणजे सरसकट भीमथडी नव्हेत, तिथं मिश्र जनावरं बरीच असतात. खरी बघायची तर दिवाळीनंतर सासवड नाहीतर दौंडच्या बाजूला शेतात मेंढरं बसवलेली दिसतात तिथं, वाड्याच्या कडेला बांधलेली.