चाकांवर आलेलं घर आणि डाउन पेमेंटचं घोडं

अमेरिकेत सुमारे 2 कोटी माणसं कारखान्यात तयार होऊन ट्रकमागे ओढत आणलेल्या घरांत राहतात. पूर्वी यांना मोबाइल होम म्हणत, आता मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात. 2023 मध्ये अशा नव्या घराची सरासरी किंमत सव्वा लाख डॉलरच्या आसपास होती. जमीन वेगळी. घेणारे बहुतेक बेताच्या कमाईचे. तरीही डाउन पेमेंटला मदत करणाऱ्या योजना निघाल्या तेव्हा हेच लोक रांगेत सगळ्यात मागे राहिले. योजनांमध्ये पैसा कमी होता हे खरंच, पण खरी अडचण घराच्या कागदपत्रांत होती.

दुसऱ्या महायुद्धात शस्त्रकारखान्यांतल्या कामगारांच्या निवाऱ्यासाठी सरकारने हजारो ट्रेलर विकत घेतले. युद्ध संपलं, घरांची टंचाई राहिली, आणि सहलीसाठी काढलेला ट्रेलर लोकांचं कायमचं घर झाला. विक्री मात्र मोटारीसारखीच चालू राहिली: रस्त्याकडेच्या आवारात उभी केलेली घरं, आणि कर्जाची सोयही विक्रेत्याकडेच. मालकीचा कागद आपल्या गाडीच्या आरसी बुकासारखा, खरेदीखत नाही. 1976 पासून केंद्रीय गृहनिर्माण खात्याची बांधकाम-नियमावली लागू झाली आणि घराच्या प्रत्येक भागावर (घर एका किंवा जास्त भागांत येतं) नियम पाळल्याची खूण म्हणून लाल रंगाची धातूची पट्टी आली. घर पक्कं झालं, पण खालचा लोखंडी सांगाडा कायम ठेवण्याची अट त्याच कायद्यात होती. त्यामुळे घर एकदा बसवलं की सहसा कुठेच जात नसलं, तरी अनेक राज्यांत ते जंगम मालमत्ताच राहिलं.

कर्जही मग जंगम मालाचंच. त्याचा व्याजदर जास्त आणि मुदत कमी. सरकारी हमी नव्हतीच असं नाही. 1969 पासून ‘टायटल वन’ या केंद्रीय योजनेखाली, जमिनीशिवाय नुसत्या घराच्या कर्जासाठीही, कर्ज बुडालं तर सावकाराला भरपाई देणारा विमा मिळू लागला. पण तिथेही 5 टक्के स्वतःचे घालावे लागतात. 80 हजारांच्या घराला 4 हजार डॉलर होतात, आणि महिन्याच्या महिन्याला हातातोंडाशी गाठ असलेल्या घरात तेवढी रक्कम शिल्लक पडत नाही.

हे 4 हजार देणाऱ्या योजना नंतर आल्या. 1989 च्या कायद्याने केंद्रीय गृहकर्ज बँकांना नफ्यातला 10 टक्के हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी काढून ठेवायला लावला. 1990 मध्ये ‘होम’ हा केंद्रीय निधी सुरू झाला. 2003 च्या डिसेंबरमध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी खास डाउन पेमेंटच्या मदतीचा कायदा केला: पहिल्यांदा घर घेणाऱ्याला 10 हजार डॉलर किंवा किमतीच्या 6 टक्के, यांतली जास्त असेल ती रक्कम. त्यात कारखान्यातली घरं नावानिशी पात्र होती.

कागदावर. ‘होम’ निधीची अट अशी की घराखालची जमीन घरमालकाची हवी, नाहीतर मदतीच्या बंधनाची मुदत संपेपर्यंतचा भाडेपट्टा हवा. छोट्या मदतीसाठीही ही मुदत 5 वर्षांची. पार्कमध्ये, म्हणजे अशी घरं ओळीने उभी असलेल्या खासगी वसाहतीत, जागा भाड्याने घेणाऱ्याचा करार बहुतेक वेळा वर्षाचा, नाहीतर महिन्याचा. शिवाय अशी मदत बहुतांशी दुसऱ्या, बिनव्याजी गहाणखताच्या रूपात नोंदवली जाते. ठरावीक वर्षं राहिलात की माफ, आधी विकलंत तर परतफेड. ज्या घराला गहाणखतच लागू होत नाही, तिथे ही नोंद करायची कशावर?

खासगी सावकारांनी मात्र डाउन पेमेंटचा प्रश्न 1990 च्या दशकात चुटकीसरशी सोडवला होता, आणि तो प्रकार सगळ्यांच्या अंगलट आला. रोख नसेल तर वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा तारण घ्यायचा. जुना ट्रेलर बदल्यात घ्यायचा. काही विक्रेते तर किंमत फुगवून फुगवलेलाच भाग ‘भरलेली रक्कम’ म्हणून दाखवत. 1998 मध्ये कारखान्यांतून सुमारे 3 लाख 73 हजार घरं बाहेर पडली. मग हप्ते थकले, घरं जप्त झाली, आणि जिथे जमीन तारण होती तिथे घराबरोबर जमीनही गेली. या व्यवसायातले मोठे कर्जदाते 2002 मध्ये दिवाळखोरीत निघाले. 2009 पर्यंत वर्षाचं उत्पादन 50 हजारांच्या आसपास उतरलं होतं.

असाच खेळ साध्या घरांच्या बाजारातही झाला. 1997 पासून कॅलिफोर्नियातली नेहेमाया ही संस्था आणि तिच्या वाटेने गेलेल्या इतर संस्था विक्रेत्याकडून देणगी व शुल्क घेऊन खरेदीदाराला डाउन पेमेंट ‘भेट’ देत. देणगीची भरपाई घराच्या किमतीतून होई. 2008 च्या गृहनिर्माण कायद्याने ही वाट बंद केली. माझ्या मते ते योग्यच झालं, पण फटका नेमका हातात रोख नसलेल्यांना बसला, कारण बुश यांच्या योजनेला त्या वर्षानंतर नवा निधी मिळाला नाही.

2008 च्याच कायद्याने फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या, बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांवर या घरांच्या बाजाराची सेवा करण्याचं कर्तव्य टाकलं. त्यांनी जमीन असलेल्यांसाठी 3 टक्के डाउन पेमेंटची कर्जं आणली. नुसत्या घराच्या कर्जाचे प्रयोग आराखड्यात आले आणि आराखड्यातच राहिले. ‘टायटल वन’ची 2008 मध्ये ठरलेली, सुमारे 70 हजार डॉलरची कर्जमर्यादा 2024 पर्यंत हलली नाही, आता एका भागाच्या घराला ती लाखावर गेली आहे.

वेगळी वाट न्यू हॅम्पशायरने काढली. तिथे 1984 मध्ये मेरेडिथ गावच्या एका छोट्या पार्कमधल्या रहिवाशांनी सहकारी संस्था करून पार्कच विकत घेतलं. कर्ज दिलं तिथल्या कम्युनिटी लोन फंड या ना-नफा संस्थेने. त्या राज्यात पार्कमधलं घरही कायद्याने स्थावर मालमत्ता आहे, त्याचं खरेदीखत होतं. म्हणून याच फंडाला 2002 पासून अशा घरांना रीतसर गृहकर्ज देता आलं.