संगणक प्लॅटफॉर्मची चुरस

प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्यावर चालणारी सॉफ्टवेअर यांचा मिळून एक प्लॅटफॉर्म होतो. एकासाठी घेतलेले सॉफ्टवेअर सहसा दुसऱ्यावर चालत नाही, हाताला बसलेले शॉर्टकटही वाया जातात. त्यामुळे कंपन्यांच्या स्पर्धेत वापरणारेही हिरिरीने उतरतात.

ॲपल २, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तिन्ही तयार संगणक १९७७ सालचे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याचे बहुतेक भाग बाजारात मिळणारे असल्याने कॉम्पॅकसारख्यांनी त्याच्या नकला काढल्या. खरी चांदी झाली मायक्रोसॉफ्टची, कारण तिची ऑपरेटिंग सिस्टीम एमएस-डॉस सगळ्यांनाच विकता येत होती. ॲपलचा १९८४ चा मॅकिंटॉश, म्हणजे मॅक, दिसायला-वापरायला सरस, पण महाग. विंडोजच्या रूपावरून ॲपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि तो हरला. १९९७ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर घातले. बोस्टनच्या कार्यक्रमात पडद्यावर बिल गेट्स दिसताच ॲपलभक्तांनी हुर्यो उडवली.

नागपुरात मॅक-विंडोज सामना जवळपास एकतर्फीच झाला. इतवारी-गांधीबागच्या व्यापाऱ्याला हिशेबासाठी टॅली लागे, आणि टॅली आधी डॉसवर, मग विंडोजवर. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत राज्यभर विंडोज आणि ऑफिसच शिकवले गेले. ‘तुया मॅकवर टॅली चालते का बे?’ या प्रश्नापुढे मॅकवाल्याचे सगळे सौंदर्यशास्त्र गार पडते.

मॅकला आसरा होता तो जाहिरात आणि छपाईच्या कामात, आणि तिथेच मराठीची पंचाईत होई. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची सामाईक संकेतपद्धती, येण्यापूर्वीचे देवनागरी फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. प्रत्येक जागेला क्रमांक असे, आणि १२८ च्या पुढच्या जागांवरच्या अक्षरांचा क्रम मॅकवर वेगळा, विंडोजवर वेगळा. विंडोजवर जुळवलेल्या लग्नपत्रिकेचा मजकूर मॅकवर नेला की त्या जागांवरच्या अर्ध्या अक्षरांचा आणि जोडाक्षरांचा चुराडा होई, आणि वधूपित्याचे नाव पुन्हा टाइप करावे लागे.

सीताबर्डीच्या दुकानांत असेंबल्ड पीसी घेताना रंगणारा वाद इंटेल-एएमडी या प्रोसेसरांचा. एएमडी स्वस्त, पण ‘तापते’ अशी तिची ख्याती. एएमडीच्या ॲथलॉन प्रोसेसरच्या काळात ती अगदीच निराधार नव्हती, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या शहरात असला आक्षेप गिऱ्हाइकाला लगेच पटतो. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचे कट्टर पुरस्कर्ते बहुधा अभियांत्रिकीचे विद्यार्थी. घरच्या मशीनवर गेमसाठी विंडोज ठेवणारे त्यांच्यातही सापडतात.

२००६ पासून मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर आले आणि ॲपलच्याच बूट कॅम्प या सॉफ्टवेअरमुळे त्यावर विंडोजही टाकता येऊ लागली. मॅकची हौस असलेल्या सीएचीही सोय झाली. २०२० मध्ये ॲपलने स्वतःचा एम१ प्रोसेसर आणला. त्यावर बूट कॅम्प चालत नाही.