इंग्रजीतले लांबलचक शब्द

इंग्रजीत शब्द किती लांब झाला की त्याला लांब म्हणायचं याचा काही नियम नाही, पण वीसच्या पुढे अक्षरं गेली की बहुतेक जण वाचताना अडखळतात, म्हणून तिथून पुढचे सगळे या नोंदीत धरू. (अक्षरांचे आकडे सगळीकडे रोमन स्पेलिंगचे आहेत, देवनागरीत हेच शब्द बरेच आटोपशीर दिसतात.) अशा शब्दांना इंग्रजीत 'सेस्क्विपेडॅलियन' असं विशेषण आहे, म्हणजे दीड फूट लांबीचा, आणि ही थट्टा होरेस या रोमन कवीने दोन हजार वर्षांपूर्वीच करून ठेवलीय, त्यामुळे जड शब्द फेकणाऱ्यांना लोक तेव्हापासूनच वैतागलेले दिसतात.

या शब्दांत सरळ दोन जाती आहेत. एक म्हणजे खरोखर कामाचे शब्द, जे डॉक्टर, केमिस्ट्रीवाले, वकील यांना लागतात. दुसरी म्हणजे फक्त लांबी दाखवायला बनवलेले, आणि गंमत म्हणजे फेमस झालेत ते बहुतेक दुसऱ्या जातीतले.

त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस, अक्षरं ४५. मोठ्या इंग्रजी डिक्शनऱ्यांत सापडणारा सर्वात लांब शब्द म्हणून हाच सांगतात. तुकडे पाडले की यात काहीच अवघड उरत नाही: न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकालाही जड जाईल इतकं बारीक, सिलिको म्हणजे सिलिका, व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी, आणि कोनिओसिस म्हणजे धुळीने होणारा आजार (ग्रीकमध्ये कोनिस म्हणजे धूळ). एकत्र वाचलं तर ज्वालामुखीची अतिबारीक सिलिकाची धूळ श्वासातून आत जाऊन होणारा फुप्फुसाचा आजार. पण डॉक्टर लोक हा शब्द वापरत नाहीत, ते साधं सिलिकोसिस म्हणतात. कारण हा शब्द दवाखान्यात जन्मलाच नाही, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो संघटनेच्या बैठकीत मांडला, पेपरवाल्यांनी उचलला आणि काही वर्षांत तो डिक्शनरीत जाऊन बसला. ऑक्सफर्डच्या कोशाने मात्र तो कृत्रिम शब्द आहे आणि त्याचा अर्थ हा आजार 'असल्याचं म्हणतात' असं लिहून आपले हात झटकून घेतलेत.

अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम, २८ अक्षरं, हा निदान एका खऱ्याखुऱ्या भांडणातून आलाय. एस्टॅब्लिश म्हणजे स्थापन करणं, पण इथे अर्थ चर्चला सरकारी दर्जा देणं असा आहे. डिसएस्टॅब्लिश म्हणजे तो दर्जा काढून घेणं, डिसएस्टॅब्लिशमेंट म्हणजे काढून घेण्याची क्रिया, डिसएस्टॅब्लिशमेंटेरियन म्हणजे 'काढून घ्या' म्हणणारा माणूस, त्याच्या पुढे अँटी लावलं की त्याला विरोध करणारा, आणि शेवटी इझम लावलं की त्या विरोधाची विचारसरणी. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हा वाद जोरात होता, १८६९ च्या कायद्याने आयर्लंडमधल्या चर्चचा सरकारी दर्जा गेला (अंमल १८७१ पासून), वेल्समध्ये तेच १९२० मध्ये झालं, इंग्लंडमध्ये चर्च अजूनही सरकारी आहे. म्हणजे तिथे हे लोक जिंकले असं म्हणायला हरकत नाही, पण त्यांच्या विचारसरणीचा हा शब्द वापरतं कोण? १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही क्विझ शोमध्ये बारा वर्षांच्या मुलीने याचं स्पेलिंग बरोबर सांगितलं आणि शब्द घराघरात पोचला, तेव्हापासून तो 'लांब शब्द सांगा' याचं उत्तर म्हणूनच जगतोय. मेरियम-वेबस्टरच्या कोशकारांनी तर वापरच नाही म्हणून त्याला बराच काळ बाहेर ठेवलं.

वाचायची युक्तीही यातूनच कळते, लांब शब्द शेपटीकडून धरायचा. इझम दिसलं की विचारसरणी किंवा अवस्था, फोबिया दिसलं की भीती, आयटिस दिसलं की सूज, एक्टमी दिसलं की काहीतरी कापून काढलंय, स्कोपी दिसलं की दुर्बीण घालून बघितलंय. मग पुढून अँटी, हायपर, हायपो, स्यूडो, इंटर असले उपसर्ग सोलायचे. मधे जो गाभा उरतो तो एक-दोन शब्दांचाच असतो आणि तो कळला की काम झालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला ओटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट म्हणतात (२१ अक्षरं), त्यात ओटो कान, रायनो नाक, लॅरिंगो स्वरयंत्र, क्रमसुद्धा तोच. गेंड्याला ऱ्हायनो म्हणतात तो याच नाकावरून, रायनोसेरॉस म्हणजे नाकावर शिंग असलेला.

फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन (२९ अक्षरं) म्हणजे एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. शाळेतल्या लॅटिन व्याकरणात 'कशाला काडीचीही किंमत न देणं' यासाठी शब्दांची एक यादी पाठ करून घ्यायचे, फ्लॉक्सी म्हणजे लोकरीचा पुंजका, नॉसी म्हणजे टरफलासारखी क्षुल्लक वस्तू, निहिली म्हणजे काहीच नाही, पिली म्हणजे केस. कुणीतरी वात्रटपणे चारही एका दोरीत ओवून मागे फिकेशन लावलं. विल्यम शेनस्टोन या इंग्रज कवीच्या १७४१ च्या पत्रात तो पहिल्यांदा दिसतो. २०१२ मध्ये जेकब रीस-मॉग यांनी ब्रिटिश संसदेत तो वापरला आणि २०१८ मध्ये शशी थरूर यांनी स्वतःच्या नव्या पुस्तकाबद्दलच्या ट्विटमध्ये, म्हणजे अशा शब्दांत हा सर्वात नशीबवान म्हणायचा, कारण याचा अर्थ निदान रोजच्या भांडणात उपयोगी आहे.

शेक्सपिअरच्या लव्ह्ज लेबर्स लॉस्ट नाटकातही असा एक नमुना आहे, ऑनरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस, २७ अक्षरं, अर्थ साधारण 'मानसन्मानाला पात्र असण्याच्या अवस्थेत'. एक विदूषकी पात्र पंडितांची टिंगल करताना हा शब्द फेकतं. यात एक व्यंजन एक स्वर, एक व्यंजन एक स्वर असं शेवटपर्यंत चालतं (सुरुवातीचा एच धरून). १९१० मध्ये एडविन डर्निंग-लॉरेन्स यांनी यातली अक्षरं हलवून 'ही नाटकं फ्रान्सिस बेकनची' (म्हणजे शेक्सपिअरच्याच काळातल्या एका दुसऱ्या लेखकाची) अशा अर्थाचं लॅटिन वाक्य काढून दाखवलं, पण २७ अक्षरं हाताशी असली की बरंच काही काढता येतं, आणि शब्द तर शेक्सपिअरच्या आधीपासून लॅटिनमध्ये होताच. शेवटचं 'इबस' हे लॅटिन अनेकवचनाचं विभक्तीचं शेपूट आहे, आणि ऑम्निबस म्हणजे 'सगळ्यांसाठी' यातही तेच शेपूट आहे. लोकांनी ऑम्निबसचं पुढचं सगळं कापून टाकलं आणि फक्त शेपूट ठेवलं, त्याचीच आपण बस म्हणून वाट बघतो.

जॉर्ज झिफ या अमेरिकन भाषा-अभ्यासकाने हेच मांडलं होतं, जो शब्द जास्त वापरात असतो तो आखूड असतो. इन्फ्लुएन्झाचा फ्लू झाला, रेफ्रिजरेटरचा फ्रिज झाला. कॉम्प्युटरवाल्यांनी तर इंटरनॅशनलायझेशन लिहायचा कंटाळा करून पहिलं अक्षर आय, शेवटचं एन आणि मधल्या १८ अक्षरांच्या जागी चक्क १८ हा आकडा टाकला, आणि 'आय-एटीन-एन' हा आता रोजचा शब्द आहे.

कामाच्या शब्दांत माझा आवडता म्हणजे स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम, ३० अक्षरं, आणि दोनदा स्यूडो ही छपाईची चूक नाही. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी कमी काम करतात तो हायपोपॅराथायरॉइडिझम. ग्रंथी ठीक आहेत पण शरीर त्यांच्या हार्मोनला दाद देत नाही, त्यामुळे लक्षणं तशीच दिसतात, तो स्यूडो, म्हणजे खोटा (हे नाव १९४२ चं). मग फुलर ऑलब्राइट आणि सहकाऱ्यांना असे पेशंट दिसले की ज्यांची शरीराची ठेवण त्या खोट्या आजारासारखी पण रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल, म्हणून १९५२ मध्ये नाव पडलं खोट्याचा खोटा. विचित्र वाटतं, पण प्रत्येक तुकडा इथे काहीतरी सांगतोय.

केमिस्ट्रीतली नावं या शर्यतीत धरत नाहीत. टायटिन या स्नायूंमधल्या प्रोटीनचं पूर्ण नाव १,८९,८१९ अक्षरांचं होतं असं सांगतात, पण ते म्हणजे एकामागून एक अमिनो ॲसिडची हजेरी आहे, त्याला शब्द म्हणण्यापेक्षा फॉर्म्युला म्हणणं बरं.

लांब शब्दांच्या भीतीला हिप्पोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडॅलिओफोबिया (३६ अक्षरं) म्हणतात असं इंटरनेटवर सगळीकडे सापडेल, पण तो मेडिकल शब्द नाही. पुढचा पाणघोडा आणि राक्षस केवळ लांबी वाढवायला चिकटवलेत.

खरं डोकं खातात ते शब्द नाहीत, फ्रेझेस. 'ॲट धिस पॉइंट इन टाइम' म्हणजे आत्ता, 'इन द इव्हेंट दॅट' म्हणजे जर, 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' म्हणजे कारण, 'नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कन्टेन्ड हिअरिन' म्हणजे या कागदात इतरत्र काहीही लिहिलेलं असलं तरी. यात एकही शब्द डिक्शनरीत बघावा लागत नाही तरी वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला होते. कायद्याच्या इंग्रजीत तर एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द असतात, विल अँड टेस्टामेंट, गुड्स अँड चॅटल्स, ब्रेकिंग अँड एंटरिंग. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं आणि पुढे कोर्टात फ्रेंच आणि लॅटिन आलं, त्यामुळे एक शब्द जुन्या इंग्रजीतला आणि एक फ्रेंच-लॅटिनमधून आलेला असं जोडीने लिहायची सवय पडली, ती गरज संपून शतकं झाली तरी सुटली नाही.

याविरुद्ध प्रयत्नही झालेत. ब्रिटनमध्ये १९७९ पासून प्लेन इंग्लिश कॅम्पेन चालू आहे, आणि अमेरिकेने २०१० मध्ये प्लेन रायटिंग ॲक्ट केला, सरकारी खात्यांनी लोकांसाठीचे फॉर्म, पत्रं, माहितीपत्रकं सोप्या भाषेत लिहायची. त्यातून नियमावल्या मात्र वगळल्यात, आणि एखाद्या खात्याने हा कायदा पाळला नाही तर त्यासाठी कोर्टात जाता येत नाही, हेही त्याच कायद्यात लिहून ठेवलंय.