कॅमेऱ्यातून दिसणारं आणि काचेतून दिसणारं

ऑगमेंटेड रिॲलिटीचा, म्हणजे समोरच्या जगावर संगणकाची चित्रं चढवून दाखवणारा चष्मा म्हणून दोन अगदी वेगळी यंत्रं एकाच नावाखाली खपवली जातात. एकाचा डेमो बघून दुसऱ्यासाठी ॲप मागतात आणि ते तसं दिसलं नाही की बोल डिझाइनरला. हे इतक्यांदा पाहिलंय की आता एकदाचं लिहून ठेवते.

पहिला प्रकार तुम्हाला माहीत आहे. मेटाचा क्वेस्ट 3 किंवा ॲपल व्हिजन प्रो: डोळ्यांपुढे आरपार न दिसणारे बंद पडदे, बाहेरच्या बाजूला कॅमेरे. 2016 साली फोनवर पोकेमॉन गो खेळला असाल तर तत्त्व तेच. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रावर दुसरं चित्र चढवायचं. दिसणारा प्रत्येक ठिपका यंत्राच्या ताब्यात असतो. याबद्दल एवढं पुरे.

दुसरा प्रकार मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स, मॅजिक लीप या चष्म्यांचा. इथे समोरचं जग तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी, काचेतून बघता आणि ती काच त्यात थोडा प्रकाश मिसळते. कल्पना जुनीच आहे. 1968 साली संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवलेल्या यंत्रात अर्धपारदर्शक आरसे वापरून हेच केलं होतं. सगळा घोळ होतो तो ‘मिसळते’ या शब्दापाशी. ही काच प्रकाश वाढवू शकते, पण समोरून येणारा प्रकाश पुसू शकत नाही. म्हणून तिला काळा रंग दाखवताच येत नाही.

मुंबईहून पुण्याला एसी डब्यातून येताना बोरघाटातल्या बोगद्यात खिडकीकडे बघा. काचेत तुमचा चेहरा स्वच्छ दिसतो. गाडी उन्हात आली की तोच चेहरा गायब. बोगद्याच्या तोंडाशी, अर्धवट उजेडात, आणखी नीट बघा: गाल आणि कपाळ दिसतं, पण केसांच्या जागी बाहेरची झाडं दिसतात. काळ्या केसांतून प्रकाश येत नाही, म्हणून तिथे झाकायला काही नसतं. काचेच्या चष्म्यातलं प्रत्येक चित्र असंच असतं.

एका कारखान्यासाठी देखभालीच्या सूचना दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मंजूर होऊन आलेल्या आराखड्यात अक्षरं काळी आणि पार्श्वभूमी रिकामी होती. संगणकावर देखणं दिसत होतं. चष्मा घातला आणि पंपावर काहीच नव्हतं, एक अक्षरही नाही. अक्षरं पांढरी केली तेव्हा ती दिसली. पण कामगार शटरजवळच्या उन्हात गेला की पुन्हा पुसट. ‘ब्राइटनेस वाढवा’ हा सल्ला मला तेव्हाही मिळाला, आजही मिळतो. उन्हातल्या पांढऱ्या भिंतीशी स्पर्धा करण्याइतका प्रकाश त्या यंत्रात नव्हताच. 2022 च्या मॅजिक लीप 2 मध्ये काचेचा हवा तेवढा भाग काळवंडण्याची सोय आली. उपयोगी आहे, पण तो थर डोळ्याच्या इतका जवळ असतो की त्याची कड धूसरच दिसते. काळं अक्षर त्यातून उमटत नाही.

माझा खरा राग जाहिरातींवर आहे. त्यांत भरीव, गडद वस्तू टेबलावर ठेवल्यासारखी दिसते. होलोलेन्सवर केलेलं रेकॉर्डिंगही कॅमेऱ्याच्या चित्रावर आकृत्या चढवूनच तयार होतं. म्हणजे तो व्हिडिओ बघताना तुम्ही पहिल्या प्रकारचं यंत्र बघत असता आणि ऑर्डर दुसऱ्याची देता. व्हिडिओत दिसत नाही ती आणखी एक गोष्ट: होलोलेन्स 2 ची चित्राची चौकट तिरकी मोजली तर 52 अंशांची आहे. जवळ उभं राहिलं की खऱ्या आकाराची मोटर कडेला कापली जाते.

वजन, बॅटरी, किंमत यांवर लोक तासन् तास बोलतात. ते प्रत्येक नव्या मॉडेलबरोबर बदलतं, सोडून द्या. उशिराचं मात्र लक्षात ठेवा. काचेत जग तत्काळ दिसतं आणि चित्र मागे राहतं, म्हणून मान वळवली की बाण बोल्टवरून सरकतो. कॅमेऱ्यात दोन्ही एकत्र उशिरा येतात. बाण बोल्टला चिकटून राहतो, पण तुमचा स्वतःचा हातही उशिरा दिसतो. ॲपल हा उशीर 12 मिलिसेकंद सांगते, आणि तेवढा कमी असेल तर चालतं. जास्त झाला की मळमळतं.

चालू यंत्राजवळ मी बंद पडद्याचा चष्मा कोणालाही घालू देणार नाही. बॅटरी गेली की काचेतून निदान जग दिसतं. पडद्यावर अंधार होतो आणि माणूस फिरत्या पट्ट्याशेजारी आंधळा उभा राहतो. याउलट घरात सोफा कसा दिसेल हे बघायचं असेल तर कॅमेराच हवा, कारण सोफ्यामागची भिंत झाकली गेली पाहिजे.

आणि काचेसाठी डिझाइन करताना वस्तूखाली काळी सावली काढू नका, ती दिसणारच नाही. सावली हवीच असेल तर भोवतालची जमीन किंचित उजळा आणि सावलीपुरती जागा कोरी सोडा. डोळा तिला सावली मानतो.